उलट्या आट्यांची सायकल

निमगाव केतकी,
४ नोव्हेंबर २०२४

ती. बुद्धघोषमामांस,
करुणाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की शेजारी धावत येतात, म्हणून पत्र. आईची तब्येत चांगली आहे. जरा जास्तच चांगली आहे. अडुसष्टाव्या वर्षी तिला सायकल शिकायची आहे. अप्पा होते तोवर शिकवतो म्हणायचे, तर हिला लोकांची लाज. आता म्हणते, लाज गेली, गुडघे हायेत तोवर बसते. नवी घेऊ म्हटलं तर नको, अप्पांचीच पाहिजे.

अप्पा गेल्यापासून ती सायकल सहा वर्षं गोठ्यात उभी होती. शनिवारी इंदापूरला सायकलवाल्याकडं नेली. पायडलचा दांडा ज्या नळीत फिरतो, तिच्या उजव्या तोंडाचे आटे पार गेलेले निघाले. त्यात बसणारा बेअरिंगचा कप पत्र्याची पट्टी गुंडाळून कसाबसा बसवलेला, आणि पट्टीचाही गंजून भुगा झालेला. तो म्हणाला, फ्रेम भंगारात घाला. आईनं फ्रेम खांद्यावर टाकली आणि स्टँडकडं चालू लागली. चाकं मी उचलली.

तुम्ही कारखान्यात छत्तीस वर्षं टर्नर होतात. यावर काही इलाज आहे का? आई म्हणते, बुद्धघोषाला वळणार न्हाय असं लोखंडच न्हाय.

मामींना जयभीम. माया आहेच, ती वाढती राहू द्या.

तुमची करुणा


सांगवी,
९ नोव्हेंबर

चि. करुणास,
जयभीम आणि अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि ताट तसंच सारलं. ते आटे माझ्याच हातानं गेलेत.

साल चौऱ्याऐंशी. आयटीआय करून मी नुकता कारखान्यात चिकटलो होतो. तुमच्याकडं आलो तेव्हा दाजी दुपारचे झोपले होते. म्हटलं, त्यांच्या सायकलला तेलपाणी करून ठेवू. आता उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, उजवीकडं फिरवला तरच सैल होतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. पान्याला पाइप लावून मी डावीकडं रेटत बसलो, म्हणजे आवळतच गेलो. कडकन आवाज आला. कप तसाच कोंबला आणि चहा न घेता सांगवी गाठली. त्यानंतर तुमच्या अंगणात ती सायकल दिसली की मी दुसरीकडं बघायचो. अक्काला हे वाचून दाखव. मला तोंडानं जमलं नसतं.

इलाज आहे. नळीचं तोंड थोडं मोठं करायचं, आत पोलादी बुश, म्हणजे कडं, बसवून पितळेचा डाख द्यायचा आणि त्यात नवे उलटे आटे पाडायचे. पण लेथला हात लावून चार वर्षं झाली, हात थरथरतो. चुकलो तर फ्रेम गेली. एवढं ऐकूनही अक्का माझ्यावर सोपवते का, विचार.

सगळ्यांवर जीव आहेच, माझ्यावरही असू द्या.

बुद्धघोषमामा


निमगाव केतकी,
१४ नोव्हेंबर

ती. मामांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती इतकी हसली की मला पाणी आणावं लागलं. मामा, तिला ठाऊक होतं. अप्पांनाही. त्याच संध्याकाळी ओढ्यापाशी कप निखळला आणि अप्पा सायकल ढकलत घरी आले. तुम्ही दुपारी पान्याशी खटपट करताना आईनं पाहिलं होतंच. अप्पा तिला म्हणाले, त्याला नुकती नोकरी लागलीय, आटे त्याच्या हातानं गेले हे त्याला कळलं तर मशीनला हात लावायला भिईल, कुणाशी बोलायचं न्हाय. मग दर उन्हाळ्यात ते स्वतः पट्टी बदलत राहिले. चौतीस वर्षं.

फ्रेम आमच्या गावच्या विजयसिंहांच्या दुधाच्या टेम्पोतून येतेय. आईचा निरोप आहे, हात थरथरू दे, पण कुणा दुसऱ्याला करायला देऊ नको.

तुमची करुणा


सांगवी,
२ डिसेंबर

चि. करुणास,
जयभीम आणि अ. उ. आ.

काम झालं. बारामतीत ओळखीच्या मानसिंगच्या वर्कशॉपमध्ये तीन दिवस बसलो. दाजी पट्टी बदलत राहिले हे वाचून फ्रेम आधी दोन दिवस आली तशीच ठेवली होती.

पहिल्या बुशाला मी सवयीनं सुलटे आटे पाडले. मानसिंग म्हणाला, काका, चाळीस वर्षांत एवढंच शिकला व्हय. तो बुश फेकला. दुसऱ्याला लेथची सुरी लावली आणि हात थांबला, थरथर कुठं गेली कळलं न्हाय. मशीनचा आवाज मला येत न्हाय, पण लोखंड नीट कापलं जातंय हे बोटांना कळतं. शेवटी कप हातानंच आत गेला, पाना लागला न्हाय. मी तो काढून पुन्हा बसवला, असं पाच वेळा केलं. मानसिंगनं जेवायला नेलं तेव्हा उठलो.

डाखापाशी रंग जळालाय, तेवढा डाग राहू दे. अक्काला म्हणावं, आधी ब्रेक धरायला शीक.

बुद्धघोषमामा


निमगाव केतकी,
१९ जानेवारी २०२५

चि. बुद्धघोषास केसरअक्काचा आशीर्वाद.

मीच लिवते, करुणाला सांगितलं न्हाय. चारदा पडले. तीनदा रानात, आन एकदा करुणा शिकवती त्या शाळंच्या दारात, तिच्या आख्ख्या वर्गासमोर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता बाजाराला मी सायकलवरच जाते. शेजारची भामाबाई म्हनली, ह्या वयात काय हे. दुसऱ्या दिशी तीच इचारायला आली, मलाबी शिकवतीस का. पायडल लोण्यावानी फिरतंय.

एक मनात हाय. तुझ्या दाजीनं तुला कवा सांगितलं न्हाय, आन मीबी न्हाय. आमाला वाटलं, तुझी भीड राखली. तू इतकी वर्सं तोंड चुकवीत राहिलास, ते मला दिसलं न्हाय. ही चूक माझी. आता तूबी ते मनातनं सोडून दे.

येत्या रविवारी दुपारच्या एसटीनं ये. रिक्षा करू नको. स्टँडवर मी येते. तू मागं कॅरिअरवर बसायचं, पाय आवरून धरायचं, आन घर येस्तवर मला काय शिकवायचं न्हाय.

तुझी अक्का