शेवटची पानं भट्टीवाल्याकडे

३ जून
आजपासून रोजनिशी. डोक्यात राग फार साठतो, आणि ताईचं म्हणणं, भांडी फोडायची असतील तर स्वतःच्या पगारातली फोड. त्यापेक्षा कागदावर काढलेला स्वस्त पडेल. ही वही कोणी वाचायची नाही. वाचलीच तर तंगडं तोडून हातात देईन. ताई अपवाद. ताईला मी घाबरत नाही, मोठी बहीण म्हणून मान देतो.

४ जून
कामाबद्दल. न खपलेली पुस्तकं ट्रक भरभरून आमच्या मिलमध्ये येतात. त्यांचा लगदा करायचा. कव्हरवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो लगद्याच्या हौदात चालत नाही, म्हणून आधी कव्हर सोलायचं. बाकीचे सुरी वापरतात. मी हात. पुस्तक छातीशी धरायचं, दोन्ही पुठ्ठे मुठीत, आणि एक हिसका! पुढची-मागची थोडी पानं कव्हरबरोबर जातात. जाऊ देत. कव्हरं बॉयलरच्या भट्टीत, पोट हौदात. माझ्याइतका वेगाने सोलणारा या मिलने पाहिलेला नाही. मुकादम रोज म्हणतो, सुरी घे, नखं जातील. सुरी भित्र्यांसाठी आहे.

५ जून
एक प्रकाशक बुडाला. त्याचं अख्खं गोदाम आमच्या दारात. पुरुषांच्या पुरुषांवर प्रेमाच्या कादंबऱ्या, बायकांच्या बायकांवर, कॉमिक्स, आणि राजेरजवाडे-ड्रॅगनची विटेएवढी जाड पुस्तकं.

जेवणाच्या सुट्टीत सोललेली पोटं वाचतो. आवड म्हणून नाही. ज्याला मारायचं त्याची ओळख असावी, इतकंच.

माझं मत स्पष्ट आहे. कोणी कोणावर प्रेम करावं याच्याशी मला देणंघेणं नाही. पुरुषाने पुरुषावर करावं, बाईने बाईवर करावं, ड्रॅगनने कोणावरही करावं. पण लवकर करावं. आणि मध्ये मुडदे पडावेत.

८ जून
न्हाव्याचं पुस्तक. (खरं नाव माहीत नाही. नाव कव्हरवर असतं, कव्हर मी फाडतो. लेखकाचंही नाव त्यामुळे कळत नाही. वाचला बिचारा.) एक पैलवान रोज दाढीला येतो. दाढी वाढलेली नसतानासुद्धा. न्हाव्याच्या हातात वस्तरा, समोर मोकळा गळा, दुकानात तिसरं माणूस नाही. आता रक्ताची चिळकांडी उडणार म्हणून मी डबा बाजूला सरकवला. तर न्हावी सुस्कारा सोडतो आणि पैलवानाच्या कानामागचा साबण पुसतो. तीन पानं नुसता साबण!

पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. भिंतीवरचं घड्याळ पडून फुटलं. मुकादमाला सांगितलं, पाल होती.

मग उचलून पुढे वाचलं. शत्रूला अर्धवट सोडू नये. शेवटी पैलवान दुकानात येतो आणि दार आतून लावून घेतो. तिथे पानं संपली. पुढे खून झालाय. लिहून ठेवतो.

१० जून
भट्टीवाला. याच्याबद्दलही एकदा लिहायलाच हवं.

बॉयलरसमोर लोखंडी स्टुलावर बसून माझी कव्हरं आत टाकत असतो. टाकण्याआधी त्यांना चिकटलेली शेवटची पानं वाचतो. म्हणजे पुस्तकांची पोटं मी वाचतो आणि शेवट हा वाचतो. आज मी त्याला म्हटलं, न्हाव्याने पैलवानाला चिरला. तो हसला. म्हणाला, दोघांनी मिळून दुकान वाढवलं, दुसरी खुर्ची आणली. मी म्हटलं, खोटं. तो म्हणाला, पानं दाखवतो. मी म्हटलं, पानं भट्टीत गेली की तुझीही रवानगी त्यातच करतो. तो पुन्हा हसला आणि मला सरकून जागा दिली.

असल्या माणसाची चीड येते. मला ‘हिसका’ म्हणतो. रोज जाऊन दोन शब्द सुनवायला हवेत.

११ जून
सुनवले.

१२ जून
सुनवले. डबा तिथेच खाल्ला. आमच्या शेडमध्ये फार गार असतं.

१४ जून
कॉमिक. बुरखेवाली चोरटी आणि पोलीसबाई. दोघी एकमेकींना छपरावरून फेकतात, काच फोडून आत, मग खुर्च्या, मग काठी, मग नुसत्या मुठी. अप्रतिम. सोळा पानं दात आणि रक्त. मग पोलीसबाई चोरटीच्या फुटलेल्या भुवईला पट्टी बांधायला बसते. का? आत्ताच तूच फोडलीस ना बाई!

भट्टीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, काही लोकांना हात लावायला दुसरं निमित्त सापडत नाही. मी म्हटलं, मूर्खपणा. आणि त्याच्या दंडावर एक गुद्दा ठेवून दिला. तो नुसता चोळत बसला. मला अजून दोन ठेवून द्यावेसे वाटले.

१५ जून
त्याला पाहिलं की छातीत धडधडतं, तळहाताला घाम येतो, डबा गोड लागत नाही. तो नाही आला तरी डबा गोड लागत नाही. इतका द्वेष मी आयुष्यात कोणाचा केलेला नाही. ताईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत थापायला लागली.

१७ जून
संकल्प: भट्टीकडे जाणं बंद.

१८ जून
त्याला संकल्प सांगायला गेलो.

२० जून
राजपुत्राचं पुस्तक. शेवटचा भाग. काय जबरदस्त! एका किल्ल्याचा राजपुत्र, शत्रूचा सेनापती. दोघांनी एकमेकांची निम्मी फौज कापलीय. पहिल्याच प्रकरणात नदी लाल. राजपुत्र सेनापतीच्या मांडीत भाला घालतो, सेनापती राजपुत्राचा कान अर्धा उडवतो. आणि रात्री दोघंही आपापल्या तंबूत जागे. एकमेकांचा विचार करतात. साहजिक आहे. वैरी असला म्हणजे झोप कुठली?

भट्टीवाला म्हणतो, हे प्रेम आहे. मी म्हटलं, हा सेनापती शेवटी मुंडकं उडवणार, लाव पैज. त्याला विचारलं, तुझ्याकडे शेवट आला असेल, सांग. तो म्हणाला, आलाय, पण आत्ता नाही सांगत. का, विचारलं तर आगीकडे बघत बसला. हाडं मोजून ठेवावीत याची.

२४ जून, दुपारी
हात गळ्यात बांधून डाव्या हाताने लिहितोय. मारामारी झाली. सविस्तर.

हौदाकडे जाणाऱ्या पट्ट्याच्या कडेने मी राजपुत्र वाचत चाललो होतो. माझी उजवी बाही पट्ट्याच्या रुळात किंचित अडकली. मी ती सोडवतच होतो. फार तर हात गेला असता, तोही एकच. तेवढ्यात भट्टीवाल्याने मागून हल्ला केला! गळ्यात हात टाकला, दुसऱ्या हाताने काखेत धरून असा खेचला की खांदा निखळला. दोघं जमिनीवर. तो माझ्या अंगावर. धापा टाकत होता, तोंडावर काजळी, डोळ्यांत पाणी, आणि माझं नाव घेत होता. हिसका नाही. खरं नाव.

कोणी इतक्या जवळ आलं की माणूस काय करणार? मी डाव्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. समोरचा दात पडला. माझ्या शर्टावर पडला. रक्त बरंच आलं.

मुकादमाकडे तक्रार केली, हा माझ्यावर धावून आला. मुकादमाने हौदाच्या तोंडातून काढलेली माझी बाही टेबलावर ठेवली. बाही कसली, चिंध्या. म्हणाला, तक्रार हिच्याकडे कर.

मुकादम फितूर आहे.

२६ जून
ताई दाताच्या दवाखान्यात असते, डॉक्टरांच्या हाताशी. आज आल्याआल्या तिने माझ्या मुस्काटात ठेवून दिली. चप्पल काढण्याआधी. खांदा जागेवर बसवलेला, तरी दया नाही.

तो तिच्या खुर्चीत जाऊन बसला होता म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, दात कसा गेला. म्हणाला, बॉयलरचं दार लागलं. जबडा सुजलेला, कापूस भरलेला. ताईची ओळख पटल्यावर पहिला प्रश्न, भावाचा खांदा कसा आहे?

मी म्हटलं, ढोंग आहे. ताईने दुसऱ्या गालासाठी हात उचलला. मग खाली बसली आणि म्हणाली, महिनाभर तुझ्या तोंडात त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाचा विषय नाही. मी म्हटलं, द्वेष आहे तो. ताई म्हणाली, बरं, तुमच्या मिलमध्ये त्याला द्वेष म्हणत असतील.

तिला पुस्तकांतलं काही कळत नाही.

१ जुलै
कामावर हजर. भट्टीकडे गेलो नाही. माफी मागायला लोक जातात तसा मी नाही. एका दमात अख्खा गठ्ठा फाडला. खांद्यातून कळ गेली, तरी फाडला.

४ जुलै
विजय! भट्टीवाला चालला. मालकाची दुसरी मिल आहे, डोंगरापलीकडे. मला वाटलं, माझ्या तक्रारीचा परिणाम. मुकादम म्हणाला, तुझी तक्रार मी कानाआड केली, त्याने स्वतःच बदली मागितली.

काहीही असो. काटा निघाला. आज चांगली झोप लागणार.

५ जुलै
लागली नाही. उकाडा.

८ जुलै
त्याचा शेवटचा दिवस. निरोप म्हणून नाही, राजपुत्राचा शेवट वसूल करायला गेलो.

पडलेल्या दाताच्या फटीतून त्याच्या शब्दांना शीळ येते. मला हसू यायला हवं होतं. त्याने सांगितलं: लढाई संपते. सेनापती देश सोडून निघतो. सकाळी फाटकाबाहेर बॅग घेऊन उभा असतो. राजपुत्र येतो. तलवार नाही, चिलखत नाही. माफीबिफी काही मागत नाही. नुसती त्याच्या हातातली बॅग घेतो, आणि दोघं चालायला लागतात.

मी म्हटलं, हा काय शेवट झाला? सेनापतीकडे घोडेस्वार आहेत, हमाल आहेत, तो बॅग कशाला उचलेल? तो म्हणाला, घोडे लढाईत मेले असतील. मी म्हटलं, आणि किल्ल्याला फाटक कुठलं, दरवाजा असतो. तो म्हणाला, छापलंय तसं सांगतो. मी म्हटलं, लेखकाच्या कानाखाली जाळ काढला पाहिजे. तो म्हणाला, काढ.

मग म्हणाला, उद्या सकाळी सातची बस आहे, मिलच्या फाटकासमोरून. मी म्हटलं, बरं.

९ जुलै
सोलण्याच्या शेडच्या खिडकीतून फाटक दिसतं. तो बॅग घेऊन उभा होता. सातची बस आली, थांबली, निघून गेली. तो चढला नाही. मी पाहत होतो. जाऊन दोन शब्द सुनवावेत असं मनात आलं, पण मूठ इतकी आवळली होती की दाराची कडी उघडेना. त्याने एकदा शेडकडे पाहिलं. मी मागे सरलो. त्याला विजयाचं समाधान कशाला द्या?

दुसरी बस आली. त्यात चढला.

आज सगळ्यांपेक्षा जास्त पुस्तकं फाडली. दोन नखं उपटली. गठ्ठ्यावर रक्त. एक शेल्फ लाथेने पाडलं, एक खुर्ची मोडली.

१५ जुलै
संकल्प: वाचन कायमचं बंद. सगळी पुस्तकं सारखीच. लोक उगाच एकमेकांकडे बघत बसतात, बोलत नाहीत, आणि चारशे पानं वाया.

२९ जुलै
बुडालेल्या प्रकाशकाचं उरलंसुरलं आलं. त्यात राजपुत्राचा नवा गठ्ठा. पहिली प्रत हातात घेतली, पुठ्ठे मुठीत धरले, आणि हिसका बसेना. मुकादमाकडे सुरी मागितली. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग दिली.

हळू कापलं. पानं सगळी शाबूत. शेवट वाचला.

पहाटे सेनापती राजपुत्राच्या तंबूत शिरतो. राजपुत्र जागाच असतो. एक घाव. मुंडकं सतरंजीवर. पुस्तक संपलं.

म्हणजे मी बरोबर होतो. पहिल्या दिवसापासून.

फाटक नाही. दुसरी प्रत कापली, मग तिसरी. बॅग कुठेच नाही. न्हाव्याचीही एक प्रत सापडली, ती तपासली. दोघांनी दुकान वाढवलं, दुसरी खुर्ची आणली. तो बोलला होता तसंच. तिथे तो खरं बोलला होता. फक्त राजपुत्राचं खोटं सांगितलं.

घरी ताईला म्हटलं, पैज मी जिंकलो. आणि मला रडू फुटलं. ताटावर बसल्या जागी रडलो, तोंडात घास तसाच. ताईने माझं ताट झाकून ठेवलं आणि पाठीवर हात फिरवत राहिली. दुखऱ्या खांद्याला धक्का न लावता.

३० जुलै
दुपारी डबा घेऊन भट्टीकडे गेलो. स्टुलावर नवा माणूस आहे. सरकून जागा दिली त्याने, माणूस वाईट नाही. पण तो काही वाचत नाही. कव्हरं आली की सरळ आत टाकतो.