आराबारुहून आलेला सोंडा

नागुशी बेट
११ जून

प्रिय हात्सुएताई,

तुझा फोन दोनदा वाजून गेला, मी मुद्दामच उचलला नाही. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, आणि या वेळी मला विरघळायचं नाहीये. म्हणून लिहितेय. तपासणीचा निकाल आला. दोन वर्षांपूर्वी आपल्या बेटावर पुन्हा सापडलेले रताळं पोखरणारे सोंडे किडे माझ्या कारखान्यातून सुटलेले नव्हते. माझे नर निर्दोष आहेत, ताई!

ती सभा तू विसरली नसशील, आईच्या वर्षश्राद्धाला आली होतीस तेव्हाची. एकोणीस वर्षं आम्ही कारखान्यात सोंडे वाढवले, किरणांनी नरांची नसबंदी केली आणि दर आठवड्याला रानात सोडले, रानातल्या माद्यांची अंडी फुकट जावीत म्हणून. किनाऱ्यावरची गारवेल उपटली, कारण सोंडा तिच्यावरही जगतो. आईच्या परसातली जुन्या वाणाची रताळी मी स्वतः उभी राहून जाळली. शेवटी बेट स्वच्छ जाहीर झालं, गावाने ढोल वाजवले, आणि दोनच वर्षांत उशीआजींच्या परसात पुन्हा सोंडे निघाले. सभागृहात तामाकीकाका काय ओरडले होते? "मिनेको, तुझ्या नसबंदीवाल्या नरांनी संसार थाटला की गं!" अख्खं गाव हसलं. किरणांचं यंत्र सांभाळणारे शिगेओ मान खाली घालून उठले ते थेट ओसाकाला गेले, माझी बदली कागद चाळायच्या टेबलावर झाली. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालीस, "जाऊ दे मिने, चुका माणसाकडूनच होतात." तेव्हा मला त्या हाताचा केवढा आधार वाटला होता.

सोंड्यांची वंशावळ कशी काढतात ते मी सांगायला लागले की तू जांभया द्यायचीस. आज ऐक. हा किडा मुळात आपला नाहीच, परदेशातून आला. बेटाबेटांवर पसरताना प्रत्येक गावात चार-दोनच पोहोचले, आणि त्या चार-दोघांच्या खुणा पुढच्या पिढ्यांत उतरल्या. त्यामुळे कुठला सोंडा कुठल्या गावचा हे आता सांगता येतं. आम्ही चौदा गावांचे सोंडे तपासले. माझ्या कारखान्यातल्या प्रत्येक सोंड्यात असते ती खूण आपल्या बेटावरच्या एकाही सोंड्यात नाही. उलट, फक्त आईकडून लेकरांत उतरते अशी एक खूण सगळ्यांत सारखीच निघाली, म्हणजे ही सगळी प्रजा एका मादीची, फार तर दोघी बहिणींची. ती खूण चौदांपैकी एकाच गावात सापडते. आराबारुत, तुझ्या सासरी.

तरीही मी तुझीच बाजू घेत होते, दुसरं कुणी असेल म्हणून. मग उशीआजींना विचारलं, तर त्या हसायलाच लागल्या. "अगं, हात्सुए आणायची ना तुमच्या आईसाठी, डब्यात भाताखाली लपवून! कधी रताळी, कधी वेलीची कांडी. धक्क्यावर मिनेकोच्या बहिणीचा डबा कोण उघडणार? उरलेली कांडी मी परसात खोवली. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं बाई, तू पडलीस तापट."

आईच्या ओसरीवर एक कुंडी होती. "गारवेल आहे, फुलं येतील," म्हणायची. ती दवाखान्यात असताना मी रोज त्या कुंडीला, म्हणजे तू आणलेल्या रताळ्याच्या वेलीलाच, पाणी घातलं, ताई. किनाऱ्यावरचं पान न् पान उलटून बघणारी मी, पण आईच्या घरात कोण तपासणी करतं? शेवटच्या दुखण्यात तिने माझ्याकडेच ते जुन्या वाणाचं रताळं मागितलं होतं. बाहेरून रताळं आणायचं नाही हा नियम मी तिला सांगितला आणि पेज भरवली. पुन्हा तिने मागितलं नाही. मला वाटलं, तिला पटलं.

गुरुवारी सभा आहे. अहवालात गावाचं नाव आहे, आणि आराबारुहून इथे कोण येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. काल शिगेओंना फोन केला. ते म्हणाले, "आधी माझ्या आईला सांगा. ती अजून मान वर करून दुकानात जात नाही." तेव्हा सभेला यायचं की नाही ते तुझं तू ठरव. वेल आणलीस त्याची माफी मी कधीतरी देईनही, पाठीवरच्या त्या हाताची देणार नाही. पण हे सांगायला काही मी पत्र लिहायला बसले नव्हते. मला एकच विचारायचंय, आणि ते फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. "मिनेला सांगायचं नाही," हे पहिल्यांदा कोण म्हणालं, तू की आई? खरं काय ते लिही. आणि खरं लिहवत नसेल, तर तू म्हणालीस असंच लिही.

अजून तरी तुझीच,
मिनेको