काखेतला काळा डाग

सासूबाई, जिवंत होतात तोवर "तुम्ही" म्हटलं. आज तू म्हणते. ऐकून घे.

माझी नात, तुझी पणती, डॉक्टर झाली. महाडात पाटी लावून बसली असती तर वाडीनं कौतुक केलं असतं. ती पिंजरे लावते, उंदरांच्या कानातले किडे काढते, डोळ्यांना धड दिसत नाहीत एवढे बारीक. बाया हसतात, "अगो, एवढी शिकली नि उंदरं धरते?" हसू देत. ती का धरते ते तुला कळलं पाहिजे.

माझा थोरला आठव. गवतकापणीचे दिवस, मी माळावर, पोर बाजूला गवतात खेळतंय. मग ताप चढला. अंग पुसताना तू त्याच्या काखेत डाग बघितलास, मधे काळी खपली, कडेनं लाल, आणि अंगणात ओरडलीस, "हिनं पोराला चटका दिला गो!" वाडी गोळा झाली. मी म्हटलं, "चटका असता तर हात लावू दिला असता का? बघा, रडत नाय." तू म्हणालीस, "तोंड वर करून बोलते!" ह्यांनी डोली बांधायला घेतली, वरंधपर्यंत खांद्यावर, पुढं गाडीनं महाड. तू दारात आडवी. "डॉक्टर चटका बघंल, पोलीस आणंल." तुझा मुलगा खाली बसला. पोर गेलं. त्यानंतर वाडीत कुणी तान्हं मूल माझ्या मांडीवर दिलं नाही.

नात हे ऐकतच वाढली. मुंबईला डॉक्टरकी शिकताना एकदा तिचा फोन आला. "आजी, काकाचा डाग दुखायचा का गं?"

"नाय गो. दाबला तरी रडला नाय."

ती म्हणाली, "वॉर्डात एक बाई आलीय, तसाच डाग. ते भाजलेलं नाही आजी. गवतातला किडा चावतो, उंदरांच्या अंगावर असतो तोच, त्याचा ताप. गोळ्यांनी उतरतोय." तेव्हाच तिनं ठरवलं, आयुष्यभर ह्याच तापाच्या मागं लागायचं.

गेल्या कार्तिकात ती वाडीत तापकऱ्यांचं रक्त घ्यायला आली. मी म्हटलं, "आधी म्हाताऱ्या गोळा कर." तू ओरडलीस त्याच अंगणात तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. तुझी मैत्रीण अजून हाय. डोळे बारीक करून म्हणाली, "हा तर तुझ्या पोराचाच चटका गो!"

"कुणी दिला? मोठ्यानं सांग."

"किड्यानं."

पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. पोटभर बरं वाटलं. तू नव्हतीस तेवढंच खटकलं. नातीला विचारलं, तेव्हा महाडात औषध मिळालं असतं का? "मिळालं असतं," म्हणाली. ते पाप तुझ्या माथी.

हा कागद पित्राला तुझ्या पानावर ठेवणार होते. नाय ठेवत. खीर वाढते तीच पुष्कळ. पण एक सांगते. फोनवर नातीनं विचारलं तेव्हा बोलायच्या आधी मी माझ्या हाताकडं बघितलं. तू इतक्या वेळा म्हणालीस, की कधीकधी मलाही वाटायचं, दिला असंल मीच.