झाकण अजून बसत नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे. ती तशीच राहावी यासाठीच हे पत्र.

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठताना तू मला शाळेचा सुतारकामाचा वर्ग दिलास आणि बजावलंस, "कुणालाही 'जमत नाही' म्हणायचं नाही. 'अजून जमत नाही' म्हणायचं." मी हसलो. मी बोटं कापून घेत एकट्याने शिकलो (डावा अंगठा पुरावा आहे), आणि लाकडाला 'अजून' कळत नाही. सांधा बसतो, नाहीतर चुलीत जातो.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी शेवटच्या रिकाम्या बाकावर दोन फळ्यांचा एक सांधा दिसला. रात्रभर वर्गाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. फटीत करंगळी जात होती. कुणाचा म्हणून विचारलं, तर पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली. मी सवयीने त्यावर खडूने लिहिलं, 'भिकार'. दुसऱ्या सकाळी माझ्या सगळ्या पटाश्यांची धार गेलेली, आणि भर उन्हाळ्यात वर्गात तोंडातून वाफ. शिपाई दारातूनच म्हणाला, "मास्तर, मोठ्या बाई असं कधी लिहायच्या नाहीत हं. त्यांच्यासारखं लिहा, नाहीतर पटाश्यांवर भागायचं नाही."

मग लिहिलं, 'अजून नाही. करवत रेषेच्या बाहेरून चालव.' दुसऱ्या दिवशी तस्संच केलेलं! ताई, इतका ऐकणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. ना रडणं, ना सबबी (ना हजेरी). जीभ वळली तशी जिवंत पोरांनाही 'अजून' म्हणू लागलो. पहिल्या दिवशी मी रडवलेली मुलगी आता आपली फट आपणच शोधते आणि "सर, अजून नाही," म्हणत पुन्हा रंधा उचलते. तुझं म्हणणं पटलं, हे लेखी देतो. दाजींना दाखवू नकोस.

पण सांधे सुटे राहिनात. फळीला फळी जुळत गेली आणि एक लांब पेटी झाली. मी मोजली (मोजल्याशिवाय मी पाणीही पीत नाही). उंची माझी. खांदे माझे, डावा किंचित उतरता, तोसुद्धा. (तसल्या पेटीला काय म्हणतात ते मी लिहिणार नाही.) फक्त झाकण बसत नव्हतं. मी रोज 'अजून नाही' लिहितो आणि खरी चूक दाखवतो. एकदा खोटीच चूक काढली, तर सकाळी खुंटीवरचा माझा कोट पेटीत नीट घडी घालून ठेवलेला.

तुझा,
आपला आपण शिकलेला
भाऊ

ता. क. : आज झाकण बसलं. कागदाचा कपटाही जात नाही. तू जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास (माझ्या तर पाळण्यापासून). एक खरी चूक उलट टपाली कळव. मी खडू धरून उभा आहे.

पुन्हा ता. क. : चूक शोधताना मोठ्या कपाटामागे दुसरी पेटी सापडली. तुझ्या उंचीची. झाकणावर तुझ्या अक्षरात 'अजून नाही'. फटीतून अख्खा हात जातो. तुला सुतारकाम शिकवता येत नव्हतं म्हणून वाचलीस, ताई. मला येतं. तू मात्र शाळेकडे फिरकू नकोस. आता त्यालाही येतं.