बाबांच्या गाऱ्हाण्याची डिस्क

॥ श्री ॥
मांडवी, रत्नागिरी
१४ जुलै २०२५

चि. विनीत यास काशीदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, म्हणून आईच्या हुकमाने हे पत्र. तुझा नवा कॉम्प्युटर पोचला. अर्धी मांडवी बघायला लोटली. बटण दाबायचा अवकाश, उघडतो! आत ती च्युइंगमच्या पट्टीएवढी डिस्क. ना वायर, ना घरघर. शेजारच्या यमुनाबाई माझ्यादेखत म्हणाल्या, की धाकट्याने नाव काढलं. पंचवीस वर्षं यांचे कॉम्प्युटर मी दुरुस्त करतोय, तेव्हा कुणाला माझं नाव दिसलं नाही. जळलो रे, खोटं कशाला बोलू!

यंदा नारळी पौर्णिमेला आईला बाबांचं गाऱ्हाणं ऐकायचंय, समुद्राला नारळ देताना घातलेलं मागणं. बाबांचा आवाज तेवढाच उरलाय, तो माझ्या जुन्या डिस्कवर. तिला लागते ती चपटी, तीन बोटं रुंद पट्टीची वायर. तुझ्या मशीनमध्ये तिला जागाच नाही. तसल्या वायरीचं जुनं कार्ड आत खोचावं तर खाचही वेगळी. एवढं भारी मशीन, पण बाबांना दार बंद! माझ्या दुकानातल्या जुन्या मशीनवर, त्याच्या स्वतःच्या डिस्कच्याच पट्टीला बाबांची डिस्क जोडली, तर दोन्ही दिसेनात. डिस्क मेली, असं आईला सांगितलंय.

उरलीसुरली माया राख.
तुझा दादा,
काशीराम


डोंबिवली
२१ जुलै २०२५

ती. काशीदादास विनीतचा सा. न.

दादा, दहावीत मला तूच शिकवलंस: एका पट्टीवर दोन डिस्क लावल्या, तर मागची इवलीशी टोपी, तो जम्पर, हलवून एक मास्टर करायची, दुसरी स्लेव्ह. दोन्ही मास्टर राहिल्या की मशीन गोंधळतं. हे तू विसरशील? शक्यच नाही. राग मानू नकोस, पण ती डिस्क तुला दिसायलाच नको होती, असं मला वाटतं.

मी तरी कुठला साधू? ते मशीन आईसाठी कमी आणि तुझ्या नाकावर टिच्चून जास्त पाठवलं. बाबा सगळं तुझ्या हाती द्यायचे. मी सुट्टीत आलो की पाहुण्यासारखा चहा मिळायचा. ते अजून बोचतं. सोबत एक जोडणी पाठवतोय: एका टोकाला जुनी डिस्क, दुसरं टोक नव्या मशीनच्या यूएसबीत. आईला तिष्ठत ठेवू नकोस.

लोभ आहे तेवढा पुरव, वाढवलास तर उपकार.
तुझा,
विनीत


॥ श्री ॥
मांडवी
३० जुलै २०२५

चि. विनीत यास अ. आ.

पकडलंस मेल्या! जम्पर मला दिसला होता, मुद्दाम तसाच ठेवला. कारण ते गाऱ्हाणं मी एकदा ऐकलं होतं. बाबा समुद्राला सांगतात, की मुंबईला गेलेल्या माझ्या विनीतला सांभाळ. होडीचं नाव घेतात, खलाशांचं घेतात, माझं नाही. तिथेच मी ते बंद केलं आणि पुन्हा कधी लावलं नाही. आता ते अख्ख्या आळीसमोर वाजणार, तेही तुझ्या मशीनवर, या विचाराने डिस्क मेल्याचं सांगून मोकळा झालो.

तुझं पत्र वाचून लाज वाटली. जम्पर हलवला, दोन्ही डिस्क दिसल्या. मग बाबांची तुझ्या जोडणीने नव्या मशीनला लावली आणि आईला हाक मारली.

तुझं नाव आलं तसा माझा हात बंद करायला गेला. आईने तो धरला. पुढे नारळ पाण्यात पडल्याचा आवाज, आणि मग आईचाच, एकोणीस वर्षांपूर्वीचा. मी तेव्हा होडीला हार घालत होतो, रेकॉर्डर तिच्या हातात होता. ती बाबांना विचारते, की काशीचं नाव का नाही घेतलं. बाबा हसून म्हणतात, की मागणं लांब गेलेल्यासाठी घालायचं. काशी तर माझ्या हाताशीच आहे.

मी लहान पोरासारखा रडलो रे. आई म्हणाली, की तिला ते सगळं पाठच आहे. तुझं मशीन आल्यापासून माझं उतरलेलं तोंड बघत होती, म्हणून मला ऐकवायला तिने गाऱ्हाणं मागितलं होतं.

पौर्णिमेला ये. या खेपेला चहा तुझा तू करून घ्यायचास, पाहुणचार नाही. तुझं मशीन अजून डोळ्यांत खुपतं, तेवढं सोडून बाकी सगळा लोभ तुझा.

तुझा,
काशीदादा