तेविसावं नाव

परभणी,
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

कोकिळाताई,

परमेश्वरचा नमस्कार.

सतरा सप्टेंबरला आपल्या वाडीच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत या वर्षी तेवीस नावं वाचली जाणार आहेत. तेविसावं नाव दगडाबाई भ्रतार बन्सीधर. तुझ्या आईचं. काल दुपारी आदिनाथ घरी येऊन हे पक्कं सांगून गेला. आदिनाथ म्हणजे माणिकरावांचा नातू. मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाचं सगळं आता तोच बघतो. ग्रामसभेचा ठराव झालाय, त्याची नक्कल मी डोळ्यांनी पाहिली.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन करता आला असता. तो का केला नाही, ते पुढं येईल.

तुझी नात निकिता मागच्या महिन्यात विद्यापीठाच्या गेटजवळ भेटली होती. तुझे गुडघे दुखतात, पण शेतात जायचं तू सोडत नाहीस, असं म्हणाली. मावशीचं विचारलं तर हसली. "पणजी अजून सुईत दोरा ओवतीय, पण कानापाशी जाऊन वरडावं लागतंय." चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईचं एवढं ऐकून बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. वर्तमानपत्र सोडून तेरा वर्षं झाली, तरी संध्याकाळी सहा वाजले की हात घड्याळाकडं जातो.

माणिकरावांच्या चरित्राची दुसरी आवृत्ती निघतेय. मी लिहिलेलं, अठ्ठ्याण्णवचं तेच पुस्तक. त्या कामात आदिनाथला एक जुनी कॅसेट सापडली. ती ऐकून तो धावत माझ्याकडं आला. "काका, आजोबा तर वेगळंच सांगायलेत. तुमी ऐकलं न्हाई का हे?"

ऐकलं होतं, ताई.

आणि वर 'सापडली' असं लिहिलं, तेही बरोबर नाही. कॅसेटची पेटी मीच त्याला दिली. देण्याआधी नऊ नंबरची काढून कपाटात ठेवली होती. दोन दिवस ती तिथंच होती. तिसऱ्या दिवशी परत पेटीत ठेवली आणि पेटी पोचती केली. एवढंच माझ्या हातून झालं, आणि त्यालाही सत्तावीस वर्षं लागली.

जुनं सगळं तुला माहीत आहे. तरी एकदा ओळीनं लिहितो, कारण हे मी आजवर कुठंच लिहिलेलं नाही.

अठ्ठेचाळीस साली बन्सीकाका निजामाच्या जेलात होते. मावशीचं माहेर सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात, आणि माणिकरावांचा लढ्याचा कॅम्पही तिकडंच. मधे करोडगिरी नाका, जाणाऱ्या-येणाऱ्याची झडती घेणारा. सतरा वर्षांची मावशी काडतुसं चिंध्यांत गुंडाळून, पोटाला बांधून, पाच वेळा भरदिवसा बैलगाडीनं त्या नाक्यावरून आली. गरोदर बाई बघून जमादारानं कधी गाडीला हात लावला नाही. एकदा तर "बैठ बेटी, पानी पी," म्हणून तांब्या पुढं केला. पाचव्या खेपेनंतर काम संपलं आणि पोट गेलं. नवरा अकरा महिने जेलात, आणि बायकोचं पोट आलं नि गेलं. कॅम्पवर शपथ होती की मेलं तरी बोलायचं नाही. पुढं निजाम गेला, राज्य बदललं, पण तिला त्या शपथेतून कुणी मोकळं केलं नाही. बन्सीकाकांनी विश्वास ठेवला म्हणून घर टिकलं. गावानं ठेवला नाही. आडावर सरजाबाईनं तुला विचारलं होतं, "तुझ्या मायचं पयलं कुठं पुरलंय गं?" तू आठ वर्षांची होतीस. मी तुझा परकर धरून मागं उभा होतो. माझी आई गेल्यावर मी तुमच्याच चुलीवरची भाकरी खात होतो, त्यामुळं तुझ्याबरोबर जे ऐकलं ते मीही ऐकलं. समजलं नंतर.

आता पुस्तकाचं. माझी कामाची एक रीत होती. प्रकरण लिहून झालं की माणिकरावांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, ते काय म्हणतील ते टेप करायचं, दुरुस्त करायचं, आणि मगच छपाईला द्यायचं. त्यांना अक्षरओळख बेताची, त्यात मोतीबिंदू, म्हणून ही रीत. अकरा प्रकरणं अशीच केली. बाराव्याला मी ती मोडली. सतरा सप्टेंबरला प्रकाशन ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. "माल पाच खेपांत आला," एवढंच ते आधी बोलले होते. कुणी आणला ते मी विचारलं नाही. माणिकरावांनीच आणला असणार, असं धरून मी सोळा पानं लिहिली. चांगली जमली होती. ती तशीच छापायला दिली आणि तो सोळा पानांचा फॉर्म छापून झाल्यावर वाचून दाखवायला गेलो.

तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"थांब. हे म्या न्हाई आणलं."

"मग कुणी?"

"बन्सीच्या बायकोनं. पोटाला बांधून. पन्नास वर्षं म्या तोंड उघडलं न्हाई परमेश्वर, आन् गावानं तिला लय बोललं. मी ऐकत बसलो. आता तू लिही. तिचं नाव घालून लिही."

हे सगळं नऊ नंबरच्या कॅसेटमध्ये आहे. मधेच कोंबडा ओरडतो, त्याला ते हाकलतात, आणि पुन्हा म्हणतात, "लिहिशील न्हवं?" माझा आवाज येतो, "लिहितो."

प्रकाशनाला बारा दिवस राहिले होते. सोळा पानं रद्द करून पुन्हा लिहायची तर तारीख गेली असती. तोवर अठरा वर्षं मी बातम्या वेळेवर दिल्या होत्या, एकही तारीख चुकवली नाही, याचा मला गर्व होता. शिवाय ते प्रकरण माझ्या हातून उतरलेलं सगळ्यांत चांगलं होतं, हेही आज लिहून टाकतो. मनाशी म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत बघू.

पुस्तक निघतंय, आता माणिकराव सांगतील, या भरवशावर मावशीनं शपथ मोडून तुला सगळं सांगितलं होतं. त्याच आठवड्यात तुझा फोन आला, राणीसावरगावच्या एसटीडीवरून. "परमेश्वर, आलं का रे आईचं पुस्तकात? ती दोनदा इचारायली."

मी म्हणालो, "माणिकराव नाही म्हणाले."

तू म्हणालीस, "आन् तू काय म्हणलास?" आणि फोन ठेवलास. त्यानंतर राखी आली नाही.

ते नाही म्हणाले नव्हते, ताई. खोटं मी बोललो. त्याचा अर्थ तुमच्या घरात काय होईल, हे मला त्याच वेळी कळत होतं. ज्या एका माणसाला खरं ठाऊक होतं, त्यानंच तुझ्या आईला खोटं पाडलं, असा तो अर्थ. प्रकाशनाच्या दिवशी माणिकरावांनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं, डोळ्यांजवळ नेलं. "घातलंस न्हवं तिचं?" मी म्हणालो, "घातलं." त्यांनी पान चाचपलं आणि पुस्तक कपाळाला लावलं. दोन हजार तीनला ते गेले, तेव्हा तू मावशीला मातीला जाऊ दिलं नाहीस. तुझं चुकलं असं कोण म्हणेल? तुला जे सांगितलं होतं, त्यावर तू वागलीस.

मला एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. पुस्तक आल्यापासून वाडीत त्याच्या शेवटच्या पानावरून यादी वाचतात. नाव घेतलं की घरच्यांनी 'हाजर' म्हणायचं. बन्सीकाका गेल्यावर मावशी दर वर्षी यायची, बायांच्या मागं उभी राहायची, आणि 'बन्सीधर' म्हटलं की पदर सावरून मोठ्यानं म्हणायची, "हाजर." मग यादी संपेपर्यंत थांबायची. ती काय वाचलं जाण्याची वाट बघत होती, ते त्या मैदानात फक्त मला माहीत होतं. आणि मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेला असायचो.

फोन न करण्याचं कारण आता तुला कळलं असेल. फोनवर मी तुझ्याशी एकदा बोललो होतो. हे कागदावर असू दे, माझ्या सहीनं. मावशीला तू सांग, किंवा निकिताला तिच्या कानाशी वाचायला लाव. माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हा आणखी एक भार तुझ्यावर टाकल्यासारखं होईल.

आता पुढं काय होणार, ते सांगतो. बारावं प्रकरण मी नव्यानं लिहून दिलंय. जुन्या प्रकरणात खोटं काय होतं आणि ते कुणी ठेवलं, हेही त्यात नावानिशी आहे. सतराला सकाळी आठ वाजता झेंडा. त्यानंतर कॅसेट वाजेल. त्याआधी मी उभा राहून हे पत्र गावासमोर वाचणार आहे. तू नको म्हणालीस, तरच थांबेन. बावीस जणांपैकी आता कुणी हयात नाही, त्यांची मुलं-नातवंडं हाजर म्हणतील. बन्सीकाकांसाठी तू म्हण. तेविसाव्या नावाला मात्र दुसऱ्या कुणी ओ द्यायची नाही, असं आदिनाथनं सगळ्यांना बजावलंय. ती बाई जिवंत आहे, म्हणतो, तर तीच बोलेल.

सोळाला सकाळी त्याची गाडी राणीसावरगावला तुमच्या दारात येईल. रिकामी परत पाठवलीस तरी तो रागावणार नाही. सतराला तो यादी वाचेल. मावशीला कमी ऐकू येतं, म्हणून तिचं नाव दोनदा घेईल, आणि मग थांबेल.

ज्याला तू राखी बांधायचीस तो,
परमेश्वर