मामा कोणत्या व्हिसात बसतो

लातूर,
फेब्रुवारी २०१०

तीर्थस्वरूप पारूअक्कास,

धाकट्या व्यंकटीचा पायांना हात लावून जयभीम. (हात इथूनच लावतोय. तू माझ्यावर रागावली आहेस आणि तुझी लाथ लातूरपर्यंत पोचत नाही.) गुडघा कसा आहे? विशाखाला म्हणावं, तेल जिरेपर्यंत चोळत जा, आजी बास म्हणाली की थांबू नको. पत्र तीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून तिलाही सांगतो, पोरी, कंसातलं आजीला वाचून दाखवायची गरज नाही. माझी तब्येत उत्तम आहे. झोप येत नाही, जेवण जात नाही, डाव्या कानात दिवसभर एस.टी.चं इंजिन चालू असतं. बाकी उत्तम.

आधी तुझ्या रागाचं बघू. दिवाळीपासून मी कैकदा नांदेडला आलो आणि मुदखेडला आलो नाही, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. (सांगणारा कोण ते मला माहीत आहे. त्याला एकदा अर्ध्या तिकिटावर प्रवास करताना मी धरलं होतं, तेव्हापासून तो माझ्या पाळतीवर असतो.) नांदेडहून मुदखेड म्हणजे पावशेर शेंगा सोलून होईपर्यंत येणारं ठेसन. तरी आलो नाही. आलो असतो तर कशापायी आलास म्हणून तू विचारलं असतंस, मी सांगितलं असतं, तू रडली असतीस, आणि तुला रडताना बघून मी हसलो असतो असं काही झालं नसतं. आता सगळं उरकलं, म्हणून लिहितो. आपला प्रेम नोकरीला शारजाला गेला.

विशाखाला सगळं ठाऊक नसेल, म्हणून थोडं मागचं लिहितो. प्रेम म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीचा, पंचशीलाचा. (आपल्या घरात दीक्षेनंतर जन्मलेली ती एकटीच, म्हणून तिला एवढं देखणं नाव मिळालं. तू आणि मी पारू आणि व्यंकटीच राहिलो.) भूकंपात ती, जावई आणि घर एकदमच गेलं. प्रेम तेवढा माझ्याकडं गणपतीची मिरवणूक बघायला लातूरला आला होता, म्हणून राहिला. दुसरीतलं पोर. पिशवीत दोन चड्ड्या आणि एक सदरा होता, कारण चार दिवसांनी परत जायचं होतं.

तू इथं येऊन गेलीस तेव्हा आमची गल्ली ही गल्ली होती. आता प्रत्येक घरावर एक मजला चढलाय आणि त्या मजल्यावर क्लासांसाठी आलेली परजिल्ह्यातली अकरावी-बारावीची पोरं भरली आहेत. सकाळी सायकलींमुळं दूधवाल्याला आत येता येत नाही. चौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो इतके मोठे लावतात की पुढाऱ्यांना जागा मिळेना. प्रेम त्यातल्याच एका क्लासात फिजिक्स शिकवायचा. पोरं त्याला प्रेमसर म्हणायची आणि मला प्रेमसरचे मामा. अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केली, तिचं कुणाला काहीच नाही.

तर शारजात आपल्याकडच्याच एका माणसानं तिथल्या हिंदुस्थानी पोरांसाठी क्लास काढला आहे. त्याला लातूरचाच मास्तर पाहिजे होता. (लातूरचा मास्तर म्हणजे आता हापूस झाला आहे. पेटीवर गावाचं नाव असलं की आत काय आहे ते कुणी बघत नाही.) त्यानं फोनवर सांगितलं, व्हिजिट व्हिसावर लगेच या, शिकवायला लागा, कामाच्या व्हिसाचं मग बघू. व्हिसा म्हणजे त्या देशात शिरायचं तिकीट, एवढं मला कळत होतं. पण तिकिटातही साधं, निमआराम आणि सवलतीचं असतंय हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून म्हटलं, आधी विचारू. गेलो नांदेडला अकरमभाईकडं. हा माणूस लोकांना आखातात पाठवायचं काम करतो. निम्म्या गावाला त्यानं पाठवलंय आणि उरलेल्या निम्म्याला जाऊ नका म्हणून सांगितलंय, त्यामुळं दोन्हीकडं त्याचं नाव आहे.

तो म्हणाला, "मामू, व्हिजिटवाला म्हंजे पावना. पावन्यानं खावं, झोपावं, घरी जावं. पावना काम करून राहिला तर पोलीस धरते. कामाला चालला ना पोरगा? मग कामाचाच व्हिसा पाह्यजे. लेट भेटंल, पन मान वर करून राह्यल."

हे मला पटलं. क्लासवाला कुरकुरला, पण शेवटी कामाच्या व्हिसाला तयार झाला. मग अकरमभाईनं विचारलं, एकट्याचा का फॅमिलीवाला? एकट्याचा लगेच होतो, क्लासवाला चौघांच्या खोलीत एक पलंग देतो. फॅमिली न्यायची तर घर पाहिजे, पगार तेवढा ठरवून घ्यायला पाहिजे, वेळ लागतो. प्रेम पटकन म्हणाला, फॅमिलीचा. अकरमभाईनं पेढ्याच्या आशेनं विचारलं, लग्न कधी आहे? प्रेम म्हणाला, "लग्न न्हाई. हे आहेत ना, मामा. मामा येत असतील तरच मी जातो."

अक्का, मला तेव्हा जरा खोकला आला.

अकरमभाईनं डोकं खाजवलं. फॅमिलीत बायको बसते, लेकरं बसतात, खटपट केली तर आईबाप बसतात. मामा कुठंच बसत नाही. मग प्रेम म्हणाला की यांना बाप करायला काय लागतं. आम्ही वकिलाकडं गेलो. त्या वकीलसाहेबांनी सांगितलं की दत्तक घ्यायला मूल पंधराच्या आतलं लागतं. मग चष्म्यावरून प्रेमच्या मिशीकडं बघून म्हणाले, तुम्ही जरा उशीर केलात. आधीच का नाही आलात? आता मी काय सांगणार? पोराला ताप आला की पट्ट्या ठेवायच्या, पायाचं माप वाढलं की चप्पल घ्यायची, भूकंपाची गोष्ट शाळेत निघाली आणि तो दप्तर टाकून घरी पळत आला की पुन्हा काही विचारायचं नाही. या सगळ्याला कागद लागतो हे मला कुणी सांगितलंच नाही. त्या वेळी मदतवाटपाचे साहेबसुद्धा एवढंच विचारून गेले होते की पोराचं कोण. मी मामा म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि गेले.

पुढची युक्ती अकरमभाईचीच. प्रेम तिथं गेला, बस्तान बसलं, की घरात स्वयंपाकी म्हणून माणूस मागवू शकेल. मामा म्हणून जागा नाही, पण स्वयंपाक्याची आहे. मला यात काहीच वावगं वाटलं नाही. सोळा वर्षं मी दुसरं काय करत होतो? फक्त कामाचा दाखला पाहिजे होता. समोर मल्लम्माची खानावळ आहे. ती उदगीरकडची बाई, क्लासच्या पोरांना जेवू घालते. तिच्याकडं जाऊन मी उभा राहिलो. तिनं आधी मला पोळ्या लाटायला लावल्या. (त्या पोळ्यांचे आकार बघून एका पोरानं त्यात महाराष्ट्र ओळखला. भूगोल कच्चा असणार, कारण मला तो कर्नाटक वाटला होता.) मग वरणाला लावलं. मी मीठ घातलं, मल्लम्मानं मला विसराळू समजून पुन्हा घातलं, आणि मला आठवेना म्हणून मी शेवटी एकदा घातलं. त्या दिवशी बारावीची सगळी पोरं पाण्याच्या टाकीजवळ रांगेत उभी होती. कुणी काही बोललं नाही. प्रेमसरचे मामा ना. मल्लम्मानं दाखला मात्र लिहून दिला. त्यात मी नेक, निर्व्यसनी आणि वेळेवर येणारा आहे असं आहे. स्वयंपाकाबद्दल ती बाई खोटं बोलली नाही.

मी पांढऱ्या टोपीतला फोटोसुद्धा काढून घेतला आणि आम्ही पुन्हा अकरमभाईकडं गेलो. तो फोटो बघून हसला नाही, तेव्हाच मी समजलो. त्यानं शारजाला फोन करून नीट विचारून घेतलं होतं. घरकामाच्या माणसाचं मालकाशी नातं चालत नाही. नातेवाइकाला नोकर म्हणून आणता येत नाही, असा तिकडचा नियम.

म्हणजे बघ अक्का, बाप म्हणून न्यायचं तर मी नात्यानं कमी पडतो आणि नोकर म्हणून न्यायचं तर नात्यानं जास्त होतो. गाडीत अशी जागा नसते. आमच्या गाडीत तर नव्हती. आम्ही उभ्यानं का होईना, नेत होतो.

अकरमभाई भला माणूस. त्यानं दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाला, "आडनाव अलग, बापाचं नाव अलग. कोन पूछतंय? निसतं म्हनायचं, ह्यो माझा कोनी न्हाई."

मी लगेच हो म्हणालो. मी तर प्रेमला शिकवायलाही लागलो. म्हणालो, "म्हन रे एकदा. लई सोपं हाय. ह्यो व्यंकटी माझा कोनी न्हाई. म्हनून तर बघ." प्रेमनं माझ्याकडं बघितलं. मग उठला आणि बाहेरच्या माठाजवळ जाऊन पाणी प्यायला लागला. एक पेला, दुसरा पेला. मी आतून बघत होतो. अकरमभाई कागद सारखे करत बसला. येताना वाटेत लोहा गाव आलं तेव्हा गाडीत प्रेम म्हणाला, "मामा, न्हाई जायचं. इथंच बरं हाय." आणि खिडकीकडं तोंड करून बसला.

त्याचं इथं बरं होतं का, हे मला विचार. दुसऱ्याच्या क्लासात राबायचं, चौकात फोटो दुसऱ्यांचे, आणि संध्याकाळी घरी आलं की म्हाताऱ्यानं गोळ्या घेतल्या का ते बघायचं. पंचशीलानं त्याला याच्यासाठी मिरवणूक बघायला पाठवलं नव्हतं. म्हणून मी त्याला एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून तो जायला तयार झाला. काय सांगितलं ते खाली लिहितो, कारण इथं लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. त्यानं एकट्याचा, पण कामाचाच व्हिसा घेतला. मला वाटतं तोच बरोबर होता. पावणा म्हणून चोरून राहायचं नाही आणि आपल्या माणसाला आपलं नाही म्हणायचं नाही. उरतो तो एवढाच.

विमान हैदराबादहून होतं. लातूरच्या स्टँडवर मी त्याला दुपारच्या गाडीत बसवलं. खिडकीतून त्यानं माझा हात धरला होता आणि गाडी सुटायची वेळ टळून गेली होती. कंडक्टर नवा पोरगा, तो चौकशीच्या खिडकीपाशी गप्पा हाणत उभा. ड्रायव्हर बघतोय, लोक बघतायत. कुणीतरी करायलाच पाहिजे होतं. मी हात सोडवून घेतला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हरला वाटलं कंडक्टर आत आला. गाडी निघाली. (कंडक्टर फाटकापर्यंत पळत गेला, मला शिव्या देत. मिळाली त्याला गाडी.)

विशाखाला आशीर्वाद. गुडघ्याला जप. थोडं लिहिलं त्यात जास्त समजून रडू नको.

तुझाच,
व्यंकटी

ता.क. गोष्ट अशी. मी प्रेमला सांगितलं की अक्कानं मला मुदखेडला कायमचं बोलावलं आहे, खोली झाडून ठेवली आहे, आणि तो गेला की दुसऱ्याच दिवशी मी घराला कुलूप लावून निघणार. तो रोज मोबाइलवर विचारतो, मावशी कुठंय, तिला फोन द्या. मी सांगतो, अंघोळीला गेली. या आठवड्यात तू फार वेळा अंघोळ केलीस. आता तो तुझ्या घरच्या फोनवर करणार म्हणतो. तेव्हा मी आहे म्हणून सांग, विहारात गेलाय म्हण, काहीही म्हण.

ता.क. दुसरं. समोरून मल्लम्मा डबा पाठवते, त्यामुळं माझी काळजी नको. डब्यातलं मीठ बरोबर असतं. दोघांच्या मापानं चहा टाकायची सवय तेवढी अजून जात नाही.

ता.क. तिसरं आणि शेवटचं. (विशाखा, हे मात्र आजीला वाच, नीट आणि सावकाश.) अक्का, तुला खोटं बोलता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. फोनवर तर तू अडकशीलच. त्याला एकच तोड मला दिसते, ती म्हणजे मी खरंच तिथं असावं. ती मागची खोली रिकामी आहे का, एवढं कळव. मला काही घाई नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.